घरातली पुस्तके उपसताना

माझे वडील नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवत होते. पगारातून जमेल तशी पुस्तके घ्यायची आणि एकदा घेतलेले पुस्तक घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, असे त्यांचे दोन नियम होते. त्यामुळे घरातली दोन कपाटे, दिवाणाखालची जागा, जिन्याखालची लोखंडी पेटी आणि माळा, सगळे पुस्तकांनी भरून गेले होते. गेल्या उन्हाळ्यात घराला रंग द्यायचे ठरले आणि ही सारी पुस्तके उपसण्याची पाळी आली. मोजली तेव्हा ती हजाराच्या आसपास भरली.

पहिल्या दिवशी मी आणि माझ्या भावाने झटपट निकाल लावायला सुरुवात केली. पिवळे पडलेले, कडा तुटलेले, वास येणारे पुस्तक पोत्यात. पांढऱ्या पानांचे, शाबूत बांधणीचे पुस्तक कपाटात. संध्याकाळी एक पोते रद्दीवाल्याकडे गेलेसुद्धा. रात्री अण्णांनी विचारले, "त्यात काय काय होतं?"

मला सांगता येईना.

"यादी केली होतीस?"

केली नव्हती. अण्णा काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी उरलेल्या दुसऱ्या पोत्याचे तोंड सोडले आणि एकेक पुस्तक बाहेर काढून चष्म्याजवळ धरायला सुरुवात केली. त्या पोत्यातून एक पातळ पुस्तिका निघाली. देवळालीचे गणिती शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९६३ साली स्वतः छापलेली, इंग्रजीतली. ती सकाळी मीच पोत्यात टाकली होती. कारण ती पिवळी होती, तिच्या पिना गंजल्या होत्या आणि तिच्यावर काय लिहिले आहे हे मी वाचलेसुद्धा नव्हते.

मी रसायनशास्त्रात संशोधन करते. कागद पिवळा का पडतो हे मला ठाऊक होते. तरीही पुस्तक ठेवायचे की टाकायचे हे ठरवताना मी पिवळेपणाचीच कसोटी लावली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सारे काम पुन्हा, पण नीट विचार करून सुरू केले. पुस्तक दोन प्रकारांनी हरवते हे त्या कामात माझ्या ध्यानात आले. एक तर त्याचा कागद जातो, नाही तर त्याचा पत्ता जातो. या दोन्ही प्रकारांमागचे विज्ञान साधे आहे आणि ते शाळेच्या पुस्तकांच्या कपाटालाही तेवढेच लागू पडते.

कागद कशामुळे म्हातारा होतो?

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची एकमेकांत गुंतलेली जाळी. हे तंतू मुख्यतः सेल्युलोजचे असतात. ग्लुकोजची शेकडो ते हजारो एकके एकापुढे एक जोडली गेली की सेल्युलोजची एक साखळी तयार होते. साखळ्या लांब असतात तोवर तंतू चिवट राहतो आणि पान कितीही वेळा उलटले तरी तुटत नाही. पण हवेतल्या ओलाव्याने या साखळ्या अधूनमधून तुटत असतात. पाण्याचा रेणू दोन एककांमधल्या जोडाशी विक्रिया करतो आणि तो जोड सुटतो. याला जलीय विच्छेदन म्हणतात. ही विक्रिया एरवी अतिशय मंद असते. मात्र कागदात आम्ल असेल तर ते उत्प्रेरकाचे काम करते. म्हणजे स्वतः खर्ची न पडता ते जोडामागून जोड तोडायला मदत करीत राहते. साखळ्या आखूड झाल्या की कागद ठिसूळ होतो, आणि मग पान उलटताना त्याचा कोपरा हातात येतो.

आता प्रश्न असा की कागदात आम्ल येते कोठून? त्यासाठी कागदाचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद प्रामुख्याने चिंध्यांपासून, जुन्या दोरखंडांपासून आणि तत्सम तंतूंपासून हाताने बनवला जात असे. आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादचा कागद प्रसिद्ध होता. लगदा करताना चुना वापरीत, शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटत. चिंध्यांमधले सेल्युलोज जवळजवळ शुद्ध आणि लांब तंतूंचे असते. शिवाय चुन्यामुळे आम्लाचा बंदोबस्त आपोआप होतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले अठराव्या शतकातले मोडी कागद आजही उलगडून वाचता येतात, त्यामागे जपणुकीइतकाच या घडणीचा वाटा आहे.

पुढे छपाई वाढली आणि चिंध्या पुरेनाशा झाल्या. गांधीलमाशी लाकूड चघळून कागदासारखे घर बांधते, मग माणसालाही लाकडापासून कागद करता येईल, असे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७१९ मध्येच सुचवले होते. जर्मनीत केलर याने १८४४ मध्ये दगडावर लाकूड घासून लगदा करण्याची पद्धत शोधली आणि त्यानंतर लाकडाच्या कागदाचे युग सुरू झाले. वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके, स्वस्त कादंबऱ्या घरोघर पोचल्या त्या या कागदामुळे. अण्णांसारख्या शिक्षकाला हजार पुस्तके घेता आली तीही त्यामुळेच. तेव्हा या कागदाला नावे ठेवताना एवढे लक्षात असावे.

पण लाकडात सेल्युलोजखेरीज लिग्निन नावाचा पदार्थ असतो. झाडाला ताठपणा येतो तो त्याच्यामुळे. लाकूड नुसते घासून केलेल्या लगद्यात हे लिग्निन तसेच राहते. प्रकाश आणि ऑक्सिजन यांच्या प्रभावाने त्याच्यापासून पिवळे-तपकिरी पदार्थ तयार होतात. वर्तमानपत्र चार दिवसांत पिवळे पडते ते यामुळे. लगदा रसायनांनी शिजवून काढला तर बहुतेक लिग्निन निघून जाते आणि कागद पांढरा राहतो.

आम्लाचा मार्ग मात्र वेगळा. शाई फुटू नये म्हणून कागदाला खळीऐवजी राळ आणि तुरटी देण्याची पद्धत जर्मनीतल्या इलिग याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केली. ती स्वस्त आणि यंत्राला सोयीची होती, म्हणून सर्वत्र पसरली. पुढे तुरटीच्या जागी ॲल्युमिनियम सल्फेट आले. या क्षारांमुळे ओलाव्यात आम्ल तयार होते. म्हणजे लिग्निन नसलेला पांढराशुभ्र कागदसुद्धा आतून आम्लधर्मी असू शकतो.

माझी पहिल्या दिवशीची चूक नेमकी येथे होती. पिवळेपणा आणि ठिसूळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा त्या एकत्र आढळतात, पण नेहमीच नाही. कापरेकरांच्या पुस्तिकेच्या आधीच सुटलेल्या कोपऱ्याचा कपटा मी पुढे-मागे दुमडून पाहिला. तो सहाव्या घडीला तुटला. कपाटात मानाने ठेवलेल्या एका पांढऱ्या कादंबरीचा तसाच कपटा दुसऱ्याच घडीला तुटला.

अमेरिकेत विल्यम बॅरो या ग्रंथसंवर्धकाने १९५० च्या दशकात १९०० ते १९४९ या काळात छापलेल्या ५०० पुस्तकांचा कागद तपासला. त्यातल्या बहुसंख्य पुस्तकांचा कागद आणखी पन्नास वर्षेही वापरण्याजोगा राहणार नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. त्यानंतर ग्रंथालयांना या प्रश्नाची जाणीव झाली. १९८० नंतर अनेक कारखाने तुरटी सोडून कॅल्शियम कार्बोनेट घातलेल्या आम्लारिधर्मी कागदाकडे वळले. आज आपण छायाप्रतींसाठी वापरतो तो कागद बहुधा या जातीचा असतो.

जुन्या पुस्तकाच्या वासामागेही हेच रसायन आहे. लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होते, म्हणून तो वास किंचित व्हॅनिलासारखा गोडसर. सेल्युलोजच्या विघटनातून फरफ्युरल आणि ॲसेटिक आम्ल बाहेर पडते, म्हणून त्याला आंबूस छटा. माटिया स्टरलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे दाखवून दिले की पानाला धक्का न लावता, केवळ त्यातून निघणाऱ्या वाफांच्या विश्लेषणावरून कागदाच्या अवस्थेचा अंदाज बांधता येतो. पुस्तक हुंगून पाहणारा वाचक अगदीच वेडा नसतो म्हणायचा!

करून पाहा

पुढचे तीन प्रयोग आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येतील. त्यांसाठी निरुपयोगी झालेली पुस्तके किंवा आधीच सुटलेले कपटेच वापरावेत.

पहिला प्रयोग. वर्तमानपत्राचा आणि छायाप्रतीच्या कागदाचा एकेक तुकडा शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींवर एकेक नाणे ठेवून ते आठवडाभर कडक उन्हात राहू द्या. नंतर नाणी उचला. वर्तमानपत्रावर नाण्याखालचा गोल फिकट राहिलेला दिसेल आणि भोवतालचा भाग पिवळा. दुसऱ्या तुकड्यावर फरक फारच थोडा असेल. लिग्निन आणि प्रकाश यांची गाठ पडली की काय होते ते यावरून समजते. दमट पुस्तके भर उन्हात वाळवू नयेत, वाऱ्यावर सावलीत वाळवावीत, हेही यावरून सांगता येईल.

दुसरा प्रयोग. जुन्या कागदाच्या कपट्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाका, त्यावर वैश्विक दर्शक कागदाची पट्टी दाबून पाच मिनिटे ठेवा आणि तिचा रंग तक्त्याशी ताडून पाहा. सामू ५ किंवा त्याहून कमी आला तर कागद चांगलाच आम्लधर्मी आहे असे समजावे. शेजारी नव्या छायाप्रतीच्या कागदाची चाचणी करा. या दुसऱ्या कागदावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून भिंगातून पाहिले तर बहुधा बारीक बुडबुडे दिसतील. कॅल्शियम कार्बोनेटमधून निघणारा तो कार्बन डायॉक्साइड.

तिसरा प्रयोग घडीचा. कपट्याचा कोपरा एकदा पुढे आणि एकदा मागे दुमडला की एक घडी मोजायची. किती घड्यांनंतर तो तुटतो ते वेगवेगळ्या सालच्या पुस्तकांसाठी नोंदवा आणि आलेख काढा. साल आणि घड्या यांचा संबंध सरळ रेषेत येत नाही, असे मुलांच्या लक्षात येईल. तो का येत नाही, या प्रश्नावर एक तासिका छान रंगते.

माळ्यावरची भट्टी

ज्या पुस्तकांची सध्या गरज नाही ती आपण माळ्यावर टाकतो. मे महिन्यातल्या एका दुपारी मी आमच्या घरात तापमापक फिरवला. खोलीत ३४ अंश सेल्सियस, माळ्यावर ४१. अनेक रासायनिक विक्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने सात अंशांच्या फरकाने विक्रियेचा वेग सुमारे १.६ पट होतो. म्हणजे खालच्या कपाटात दहा वर्षांत होणारी हानी माळ्यावर सहा-सव्वासहा वर्षांतच होईल. अर्थात माळा बारा महिने इतका तापत नाही, पण दिशा तीच.

उन्हाळ्यानंतर पावसाळा येतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीला अनुकूल परिस्थिती मिळते. कोकणात तर जून ते सप्टेंबर असेच चालते. पुस्तकात टाचणीच्या टोकाएवढे, फिकट, तुरुतुरु पळणारे किडे दिसले तर ते बहुधा बुरशीवर जगणारे असतात. त्यांचे दिसणे म्हणजे येथे ओल आहे अशी सूचना. कसर मात्र बांधणीची खळ आणि कागदाचा पृष्ठभागच खरवडून खाते. वाळवी तर भिंतीतून येऊन आख्खा गठ्ठा पोखरते आणि बाहेरून काही कळत नाही.

यावर उपाय साधे आहेत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, पुस्तके खच्चून भरू नयेत, खालचा कप्पा जमिनीपासून वर असावा. कसर लागलेले पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवावे आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये, नाही तर गार पुस्तकावर दव धरते. बुरशी लागलेली पुस्तके झाडताना नाकाला फडके बांधावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो. आणि गंजलेल्या पिना जपून काढून टाकून तेथे दोऱ्याचे दोन टाके घालावेत. पुस्तिकेची दुरुस्ती अण्णांनी तशीच केली. सुई ओवून देण्याचे काम तेवढे मी केले.

पुस्तकाचा पत्ता

कागद शाबूत असूनही पुस्तक हरवते तो दुसरा प्रकार. ही पुस्तिका आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होती. मी त्याच घरात वाढले, विज्ञान शिकले, पण ती कधी पाहिली नाही. पातळ पुस्तिकेला पाठ नसते, पाठीवर नाव नसते. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये ती गेली की गेलीच.

समजा हजार पुस्तके कशीही लावली आहेत आणि आपल्याला एक हवे आहे. सरासरी पाचशे पुस्तकांवर बोट फिरवल्याशिवाय ते सापडणार नाही. तीच पुस्तके लेखकाच्या नावाने वर्णानुक्रमे लावली असतील तर मधले पुस्तक पाहायचे, हवे ते डावीकडे आहे की उजवीकडे ते ठरवायचे, उरलेल्या अर्ध्याचे मधले पाहायचे. दोनाचा दहावा घात १०२४ होतो. म्हणून अशा दहा पायऱ्यांत हजारांतले कोणतेही पुस्तक सापडते. पाचशे आणि दहा, हा फरक मुलांना फळ्यावर जरूर करून दाखवावा.

पण हजार पुस्तके क्रमाने लावायची कशी? एकेक पुस्तक घेऊन रांगेत एका टोकापासून तपासत योग्य जागी बसवायचे म्हटले, तर तुलनांची संख्या साधारण पुस्तकांच्या संख्येच्या वर्गाच्या चौथ्या भागाएवढी होते. हजारांसाठी अडीच लाख! आम्ही आधी विषयवार वीस ढीग केले. पन्नास पुस्तकांच्या एका ढिगाला ६२५ तुलना लागतात, वीस ढिगांना १२,५००. ढीग करताना प्रत्येक पुस्तकासाठी एक निर्णय, म्हणजे आणखी हजार. अडीच लाखांचे काम साडेतेरा हजारांवर आले. वर्गीकरणाने केवळ नीटनेटकेपणा येत नाही, श्रमही वाचतात.

ग्रंथालयांचे वर्गीकरण याच तत्त्वाचा मोठा विस्तार आहे. अमेरिकेत मेल्विल ड्यूई याने १८७६ मध्ये दशांश पद्धत मांडली. आपल्याकडे शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके साठवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात हे त्यांतले पहिले, आणि वाचकाचा वेळ वाचवा हे चौथे. शाळेचे कुलूपबंद कपाट ही दोन्ही सूत्रे एकाच वेळी मोडते.

मराठीपुरते सांगायचे तर शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांच्या त्यांनी नोंदी केल्या. त्यांतली जी पुस्तके आज सहजी पाहायला मिळत नाहीत, ती एके काळी छापली गेली होती एवढे तरी या यादीमुळे आपल्याला कळते.

वापरले नाही म्हणजे निरुपयोगी?

उपसण्याच्या कामात एक सल्ला हमखास मिळतो. वर्षभर हात लावला नाही ते पुस्तक काढून टाका. याला थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या रिचर्ड ट्रूसवेल यांनी १९६९ मध्ये दाखवले की ग्रंथालयातली सुमारे ८० टक्के देवघेव २० टक्के पुस्तकांवरच चालते. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर एका वर्षी घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पहिल्या सहा वर्षांत एकदाही कोणी नेली नव्हती. जागा अपुरी असेल तर काही पुस्तके काढावीच लागतात, हे खरे.

पण न वापरलेले आणि निरुपयोगी हे दोन शब्द समानार्थी नाहीत. शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावरचे प्रयोग १८६५ मध्ये वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये ते छापून आले. ते नियतकालिक शंभराहून अधिक संस्थांकडे पोचले होते. म्हणजे आनुवंशिकतेचे नियम ग्रंथालयांच्या फळ्यांवर पडून होते. त्यांचे महत्त्व ओळखले गेले १९०० साली, मेंडेलच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

कापरेकरांचेही काहीसे असेच झाले. देवळालीच्या शाळेत शिकवताना त्यांनी संख्यांचे गुणधर्म शोधले, ६१७४ हा आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा स्थिरांकही शोधला, आणि लहान लहान पुस्तिका पदरमोड करून छापल्या. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्या वेळी कापरेकर सत्तरीचे होते.

पोत्यातून निघालेल्या पुस्तिकेचा विषय स्वयंभू संख्या हा आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा. ४७ पासून ४७ + ४ + ७ = ५८ मिळते. ५८ पासून ७१, ७१ पासून ७९. म्हणजे ४७ ही ५८ ची जनक. पण २० ला कोणी जनक आहे का? १५ पासून २१ मिळते, १४ पासून १९ मिळते, २० मात्र कोठूनच मिळत नाही. अशा बिनजनकाच्या संख्या म्हणजे स्वयंभू संख्या. शंभरापर्यंत त्या किती? पुस्तिकेच्या समासात अण्णांच्या हातची पेन्सिलीची नोंद आहे. 'आठवी ब. मुलांनी काढल्या. १३.' आम्ही तिघांनी त्याच रात्री पुन्हा काढल्या : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. तेराच. नऊनंतर दर वेळी अकराचीच भर का पडते, आणि शंभरानंतरही हे असेच चालते का, हा प्रश्न आपल्या वर्गाला घालून पाहावा.

शाळेचे कपाट

आमच्या अनुभवावरून शाळांसाठी एक क्रम सुचवते. कोणतेही पुस्तक शाळेबाहेर जाण्यापूर्वी यादी करावी. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशनाचे साल, कागदाची अवस्था आणि ठेवण्याची जागा, एवढे सहा रकाने पुरेत. पातळ पुस्तिका उभ्या न ठेवता विषयवार पुठ्ठ्याच्या पेटीत घालून पेटीवर नावे लिहावीत. मग चार ढीग करावेत : कागद चांगला आणि उपयोग चालू, तो हाताशी. कागद चांगला पण उपयोग नाही, तो दुसऱ्या शाळेला किंवा गावच्या वाचनालयाला. कागद ठिसूळ पण मजकूर दुर्मिळ, तो स्वच्छ कागदात गुंडाळून वेगळा, आणि त्याविषयी जिल्ह्याच्या ग्रंथालयाला विचारावे. कागद ठिसूळ आणि मजकूर अन्यत्र सहज मिळणारा, तेवढाच रद्दीत. आमच्या हजारांपैकी या चौथ्या ढिगात शेवटी ११८ पुस्तके गेली. पहिल्या दिवशीच्या वेगाने पाचशे तरी गेली असती.

हे काम वर्षातून एकदा व्हावे. दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढतो, पुस्तके मांडून त्यांची पूजा करतो. पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि ओल, बुरशी, कसर शोधायला याहून चांगला मुहूर्त नाही. त्या सुमारास विद्यार्थ्यांना घेऊन कपाट उघडावे, प्रत्येक पुस्तक एकदा हातात घ्यावे, यादीशी ताडून पाहावे. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहिलेले एक पुस्तक निवडून त्याची पाच पाने वाचावीत, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आमची यादी एका दोनशे पानी वहीत झाली आहे. तिची शेवटची दोन पाने अण्णांनी कोरी ठेवायला सांगितली. पहिल्या पोत्यातून जी पुस्तके गेली त्यांची नावे आठवतील तशी तेथे लिहायची आहेत. आजपर्यंत चार आठवली आहेत.